मानसशास्त्रातील शोधनिबंध वाचून त्याचा सारांश नेमका कसा लिहावा?

ठाणे_वाशी

नमस्कार. मी बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्र हा विषय घेतला आहे. घर कळव्याला आणि महाविद्यालय वाशीला असल्यामुळे माझे बरेचसे वाचन ठाण्याहून सुटणाऱ्या वाशी गाडीतच होते. बारावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी वाचता येते, पण शोधनिबंध वाचताना प्रत्येक शब्द कळतो आणि वाक्य मात्र कळत नाही, अशी काहीशी अवस्था होते.

या सत्रात आम्हाला दहा शोधनिबंध वाचून प्रत्येकाचा सुमारे तीनशे शब्दांत, स्वतःच्या भाषेत सारांश लिहायचा आहे. मराठीत लिहिले तरी चालणार आहे. मी सुरुवातीला रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ सालचा निबंध निवडला, कारण तो विद्यार्थ्यांच्या अभ्यासाविषयीच आहे आणि लहान आहे. चार दिवस तो वाचला, पिवळ्या मार्करने इतका रंगवला की कोरी ओळ शोधावी लागेल, आणि शेवटी पुढील सारांश लिहून दिला.

"प्रस्तुत निबंधात चाचणीच्या परिणामाचा अभ्यास करण्यात आला आहे. विद्यार्थ्यांनी उतारे वाचले व चाचण्या दिल्या. पुनर्वाचनापेक्षा चाचणी लक्षणीयरीत्या प्रभावी असल्याचे सिद्ध झाले. त्यामुळे विद्यार्थ्यांनी अधिकाधिक चाचण्या द्याव्यात." याच धर्तीवर पुढे आणखी दोन परिच्छेद होते.

बाईंनी तो परत केला आणि समासात लिहिले: "हे गोषवाऱ्याचे भाषांतर झाले. त्यांनी नक्की केले काय, ते कुठे आहे?" शेरा योग्य असणार, पण त्यावर काय करायचे ते मला समजत नाही. सुरुवात कुठून करावी, आकडेवारीच्या परिच्छेदांचे काय करावे, आणि एका निबंधाला साधारण किती वेळ द्यावा, याविषयी येथील जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वाशी_पूल

मीही याच नावेत आहे. माझा सारांश "चांगला प्रयत्न" असा शेरा मिळवून परत आला, आणि हे तुमच्या शेऱ्यापेक्षा वाईट आहे, कारण त्यातून काहीच कळत नाही. वाचतो आहे.

नौपाड्यातला_मास्तर

वयाने तू माझ्या नातीएवढी असशील, म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. मी तीसहून अधिक वर्षे हा विषय शिकवला आणि या काळात असे सारांश किती तपासले असतील, त्याची गणती नाही. तुझ्या बाईंनी एका वाक्यात जे लिहिले आहे, त्यातच सगळे आले.

गोषवारा म्हणजे निबंधाच्या सुरुवातीला लेखकांनीच थोडक्यात दिलेला आशय, आणि तो लेखकांनी केलेला दावा असतो. सारांश लिहिणाऱ्याचे काम त्या दाव्याखाली काय आहे ते सांगण्याचे असते. म्हणून गोषवारा एकदा वाचावा, विषय कळला की बाजूला ठेवावा आणि प्रस्तावनेचा फक्त शेवटचा परिच्छेद गाठावा, कारण लेखकांना नेमके काय तपासायचे आहे ते बहुधा तिथेच लिहिलेले असते. त्यानंतर सरळ पद्धती या भागावर जावे आणि मुक्काम तिथेच ठोकावा. विद्यार्थी नेमका हाच भाग गाळतात, कारण तो रुक्ष वाटतो. प्रत्यक्षात संपूर्ण निबंधात अनुमान नसलेला, केवळ घडलेल्या गोष्टी सांगणारा असा तो एकच भाग असतो.

तू निवडलेलाच निबंध घेऊ. पहिल्या प्रयोगात १२० पदवीपूर्व विद्यार्थी होते. त्यांना दोन छोटे उतारे दिले होते, एक सूर्याविषयी आणि दुसरा समुद्री पाणमांजरांविषयी. प्रत्येक उतारा त्यांनी आधी सात मिनिटे वाचला. नंतर एक उतारा पुन्हा सात मिनिटे वाचायला दिला, आणि दुसऱ्या उताऱ्याच्या बाबतीत कोरा कागद देऊन, आठवेल तेवढे सात मिनिटांत लिहायला सांगितले. लिहिलेले बरोबर की चूक, हे त्यांना सांगितले नाही. त्यानंतर काहींची अंतिम परीक्षा पाच मिनिटांनी, काहींची दोन दिवसांनी आणि काहींची एका आठवड्याने घेतली. हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले, तर पुढचे निष्कर्ष तुला पाठ करावे लागणार नाहीत. वाचणारा आणि कोऱ्या कागदावर लिहिणारा यांना दिलेला वेळ सारखाच होता, ही बाब तर सारांशात आलीच पाहिजे, कारण संपूर्ण तुलना त्या सात मिनिटांवर उभी आहे.

आता आलेख पाहा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातील ८१ टक्के आठवले आणि चाचणी दिलेल्या उताऱ्यातील ७५ टक्के. म्हणजे लगेच परीक्षा असेल तर पुनर्वाचनच सरस ठरले. एका आठवड्याने पारडे फिरले आणि चाचणी दिलेल्या उताऱ्यातील ५६ टक्के, तर पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातील ४२ टक्केच आठवले. तुझ्या सारांशातील "पुनर्वाचनापेक्षा चाचणी प्रभावी" हे वाक्य म्हणून अर्धेच खरे आहे, आणि जे अर्धे गळाले आहे, तोच या निबंधाचा गाभा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणाऱ्याला आपला अभ्यास उत्तम झाला असे का वाटते, याचे उत्तर त्या गळालेल्या अर्ध्यात दडलेले आहे.

चर्चा हा भाग मात्र स्वतःचा निष्कर्ष पेन्सिलीने लिहिल्याशिवाय वाचू नये. दुसऱ्याचा निष्कर्ष आधी वाचला की आपल्यालाही तोच सुचला होता, असे वाटू लागते.

ठाणे_वाशी

सर, रागाचा प्रश्नच नाही. सात मिनिटांचा उल्लेख मी वाचला होता आणि त्यावर मार्करही फिरवला होता, पण तो महत्त्वाचा आहे हे आत्ता कळले. आता आलेखाच्या खालचे परिच्छेद राहतात. तिथे एफ, टी, पी अशी अक्षरे आणि दशांश अपूर्णांक येतात. ते मी सरळ ओलांडते.

आकडेमोड

ओलांडू नका, पण तिथे घर बांधूनही राहू नका. मी संख्याशास्त्र शिकवतो, मानसशास्त्राचा माणूस नाही, तरी या परिच्छेदांविषयी तीन गोष्टी सांगतो आणि तिसरीवर थोडे रेंगाळतो.

पहिली गोष्ट "लक्षणीय" या शब्दाची. इंग्रजी निबंधातील तो शब्द आपण मराठीत "लक्षणीय" असा लिहितो आणि लगेच "मोठा", "डोळ्यांत भरणारा" असा अर्थ घेतो. संख्याशास्त्रात त्याला "सार्थक" म्हणतात. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर केवळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे पी-मूल्य सांगते. ती शक्यता ०.०५ पेक्षा कमी असेल तर प्रथेप्रमाणे निष्कर्ष सार्थक म्हणतात. फरक किती मोठा आहे, हे त्यातून कळत नाही. समजा, पन्नास हजार विद्यार्थ्यांचे दोन गट केले, तर शंभरपैकी अर्ध्या गुणाचा फरकही सार्थक ठरू शकेल आणि तरीही त्या अर्ध्या गुणासाठी कोणी आपली शिकवणी बदलणार नाही. म्हणून सारांशात सरासरी किंवा टक्केवारी लिहावी, म्हणजे फरक किती हे वाचकाला दिसते. निबंधात परिणामाचे आकारमान, म्हणजे फरक किती मोठा हे सांगणारे माप, दिले असल्यास तेही लिहावे. कोहेन यांनी सुचवलेले ०.२, ०.५ आणि ०.८ हे लहान, मध्यम व मोठ्या परिणामाचे टप्पे सर्वत्र वापरले जातात, पण ते यांत्रिकपणे वापरू नयेत असे खुद्द कोहेन यांनीच बजावले होते.

दुसरी गोष्ट, "सार्थक फरक आढळला नाही" याचे "फरक नाही असे सिद्ध झाले" असे रूपांतर करू नये. कपाटात किल्ली सापडली नाही, याचा अर्थ किल्ली घरात नाही असा होत नाही. शोध किती कसून घेतला, हेही पाहावे लागते, आणि नमुना, म्हणजे तपासलेल्या माणसांचा गट, लहान असेल तर तो शोध वरवरचाच असतो. "सिद्ध झाले" हा शब्दप्रयोग तर मानसशास्त्राच्या सारांशातून कायमचा हद्दपार करावा. "आढळले", "दिसून आले" हे शब्द पुरेसे आहेत.

तिसरी गोष्ट, "मुळे" हे शब्दयोगी अव्यय. मराठीत ते इतके सहज येते की लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मोबाइलचा वापर आणि झोप यांच्यात सहसंबंध आढळला, असे निबंधात असते. सारांशात ते "मोबाइलमुळे झोप कमी होते" असे उतरते. इंग्रजीत लेखकाने शब्द जपून वापरलेला असतो आणि आपण भाषांतर करताना त्याच्या तोंडी कार्यकारणभाव घालतो. सहभागी व्यक्तींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने गटांत वाटले असेल, तरच "मुळे" लिहिण्याचा अधिकार मिळतो. अन्यथा "ज्यांच्यात हे अधिक, त्यांच्यात तेही अधिक" असे लांबलचक वाक्य लिहावे लागले तरी लिहावे.

मार्शमेलोचा प्रयोग अनेकांना ठाऊक असतो: लहानपणी ज्या मुलांनी समोरची मिठाई लगेच न खाता, जास्त मिळावी म्हणून वाट पाहिली, ती पुढे अभ्यासात पुढे गेली. २०१८ साली वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. तेव्हा हा संबंध मूळ अभ्यासाच्या सुमारे निम्माच निघाला, आणि कुटुंबाची परिस्थिती, लहानपणीची बौद्धिक क्षमता व घरातील वातावरण हिशेबात धरल्यावर त्यातलाही सुमारे दोन तृतीयांश भाग गळाला. "वाट पाहिल्यामुळे" असे ज्यांनी ज्यांनी सारांशात लिहिले असेल, त्यांनी आपले वाक्य एकदा तपासून पाहावे.

नौपाड्यातला_मास्तर

"मुळे"विषयी शंभर टक्के सहमत. मी तपासताना त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ करीत असे आणि काही वह्या पाहताना लाल शाई संपेल की काय असे वाटे.

घोडबंदरकर

मी अभियंता आहे, माझी मुलगी हाच विषय शिकते. एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. आजकाल निबंध कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला दिला की अर्ध्या मिनिटात तीनशे शब्दांचा सारांश मिळतो, तोही शुद्ध मराठीत. मग मुलांना चार चार दिवस यात का अडकवावे? गणकयंत्र आल्यावर आपण पाढे म्हणायचे सोडलेच ना?

खारघर_टेकडी

घोडबंदरकर, मी पीएच.डी.चे काम करते आहे आणि ही साधने रोज वापरते, त्यामुळे माझे उत्तर सोवळेपणाचे नाही. गेल्या महिन्यात मी अशा एका साधनाला दोन प्रयोग असलेला एक निबंध दिला. सारांश सुरेख आला, पण त्यात दोन्ही प्रयोगांतील सहभागींची संख्या एकत्र झाली होती आणि दुसऱ्या प्रयोगातील निष्कर्ष पहिल्याच्या नावावर गेला होता. मला हे पकडता आले, कारण मी निबंध आधी वाचला होता. न वाचणाऱ्याला ते अस्खलित मराठी वाचून समाधानच वाटले असते. अवघड परिच्छेद समजून घेण्यासाठी, एखादी संज्ञा विचारण्यासाठी ती साधने जरूर वापरावीत. सारांशाचा पहिला खर्डा मात्र स्वतः करावा, कारण महाविद्यालयाला सारांश नको असतो, सारांश लिहिताना विद्यार्थ्याच्या डोक्यात जे घडते ते हवे असते.

धागाकर्तीसाठी आता थोडी गंमत. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा तंत्रांचा मोठा आढावा घेतला. मार्करने रंगवणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे ही तंत्रे त्यांनी कमी उपयुक्त ठरवली, आणि त्याच वर्गात सारांश लेखनही टाकले! तुमच्या बाईंना हे दाखवण्यापूर्वी कारण मात्र वाचा. ज्यांना सारांश लिहिण्याचे कौशल्य आधीच अवगत आहे त्यांना त्याचा फायदा होतो, पण बहुतेक विद्यार्थ्यांना ते येण्यासाठी बरेच प्रशिक्षण द्यावे लागते, म्हणून सर्वसाधारण तंत्र म्हणून त्याची उपयुक्तता कमी, असे ते म्हणतात. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागून करणे ही दोन तंत्रे त्या यादीत सर्वांत वर आहेत.

यातूनच मला माझी पद्धत सापडली. निबंधाचा एक भाग वाचायचा, तो बंद करायचा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे मराठीत लिहायचे. मग निबंध उघडून, जे राहिले ते दुसऱ्या रंगाने भरायचे. म्हणजे तुमच्याच निबंधातील विद्यार्थ्यांनी सात मिनिटे जे केले, तेच करायचे. निबंध समोर उघडा ठेवून लिहिले, तर हात आपोआप लेखकाची वाक्ये उचलतो. निबंध बंद असला की उचलायला काही उरत नाही आणि जे समजले नाही तिथे लेखणी थांबते. ती जिथे थांबते, तेवढाच भाग पुन्हा वाचावा लागतो, त्यामुळे वेळही वाचतो.

वाशी_पूल

म्हणजे हाताने लिहावे की लॅपटॉपवर? आमच्या वर्गात एक निबंध सांगितला होता की हाताने टिपणे काढणारे विद्यार्थी अधिक शिकतात.

खारघर_टेकडी

तो म्यूलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ सालचा निबंध. लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान जवळजवळ शब्दशः उतरवत होते आणि संकल्पनांवरील प्रश्नांत मागे पडले, असे त्यात आढळले होते. २०२१ साली उरी आणि सहकाऱ्यांनी त्यातील पहिला प्रयोग पुन्हा केला, तेव्हा लॅपटॉपवाल्यांनी अधिक शब्द आणि अधिक शब्दशः लिहिल्याचे पुन्हा दिसले, पण हाताने लिहिणाऱ्यांना परीक्षेत मिळालेला फायदा दिसला नाही. मला स्वतःला कागद आवडतो, पण त्या आवडीला आता मी शास्त्राचा आधार देत नाही.

यावरून एक मुद्दा. जुना, गाजलेला निबंध निवडला असेल, तर त्याचे पुढे काय झाले ते दोन ओळींत तरी लिहावे. २०१५ साली शेकडो संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निष्कर्ष होते, पुन्हा केल्यावर ते ३६ टक्क्यांतच मिळाले. मात्र इथेही घाई करू नये. इच्छाशक्ती खर्ची पडते, या बाउमाइस्टर यांच्या १९९८ सालच्या प्रयोगाचे उदाहरण घ्या. भाजलेल्या बिस्किटांचा वास सुटलेल्या खोलीत ज्यांना फक्त मुळा खायला सांगितला होता, त्यांनी नंतरचे न सुटणारे कोडे सुमारे आठ मिनिटांत सोडून दिले; ज्यांना चॉकलेटची बिस्किटे मिळाली, ते जवळजवळ १९ मिनिटे टिकले. सहभागी होते अवघे ६७. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर ही कल्पना तपासली आणि परिणाम शून्याच्या आसपास निघाला. माझ्या एका विद्यार्थिनीने यावर "मुळ्याचा प्रयोग पुन्हा केला असता अयशस्वी ठरला" असे लिहिले. ते चूक आहे, कारण त्या २३ प्रयोगशाळांत मुळाही नव्हता आणि बिस्किटेही नव्हती. तिथे संगणकावरचे, अक्षरे शोधण्याचे वेगळेच काम दिले होते. कल्पना तीच, कृती वेगळी. पद्धती हा भाग वाचला नसता, तर हे मलाही कळले नसते.

आकडेमोड

मुळ्यामुळे, असे मात्र त्या १९९८ च्या प्रयोगाबद्दल लिहायला माझी व्याकरणाची हरकत नाही.

नौपाड्यातला_मास्तर

आकडेमोडराव, आपण संख्याशास्त्राकडे वळलात हे मराठीचे नशीब.

खारघर_टेकडी यांच्या मुद्द्याला माझ्या पदरची एक कबुली जोडतो. डार्ली आणि लाटाने यांचा १९६८ चा बघ्यांविषयीचा प्रयोग मी दरवर्षी शिकवत असे, आणि सुरुवात न्यूयॉर्कमधील १९६४ च्या त्या खुनाच्या हकिकतीने करीत असे, ज्यात ३८ साक्षीदार खिडकीतून पाहत राहिले आणि कोणीच काही केले नाही, असे सांगितले जाते. २००७ साली मॅनिंग, लेव्हाइन आणि कॉलिन्स यांनी दाखवून दिले की पाठ्यपुस्तकांत येणाऱ्या त्या हकिकतीला उपलब्ध पुराव्यांचा आधार नाही. मी ती कित्येक वर्षे तशीच सांगत आलो होतो, कारण मी ती पुस्तकातून घेतली होती आणि पुस्तकाने दुसऱ्या पुस्तकातून. मूळ प्रयोग मात्र त्या हकिकतीवर अवलंबून नाही. त्यात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रणेवरून बोलत होते आणि बोलणाऱ्यांपैकी एकाला अपस्मारासारखा झटका आल्याचा आवाज ऐकू आला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी झटका चालू असतानाच मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. हकिकत गेली, तरी हे आकडे जागेवर आहेत. सारांशात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

याच कारणासाठी, निबंधात ज्या दुसऱ्या निबंधाचा उल्लेख आहे, तो स्वतः न वाचता आपण वाचल्यासारखा लिहू नये. "अमुक यांनी तमुक यांचा हवाला देऊन म्हटले आहे" असे लिहिण्यात कमीपणा नाही.

घोडबंदरकर

पाढ्यांचे उदाहरण मागे घेतो. मुलीला काल तिचा सारांश निबंध बंद करून तोंडी सांगायला लावला. दोन वाक्यांनंतर ती थांबली आणि माझ्यावरच चिडली. आता ती पुन्हा वाचते आहे.

वाशी_पूल

निबंध मिळवण्याचे काय करता? निम्म्या ठिकाणी पैसे मागतात.

खारघर_टेकडी

गूगल स्कॉलरवर निबंधाच्या खाली "सर्व आवृत्त्या" असा दुवा असतो. त्यात बहुधा लेखकाने स्वतःच्या पानावर ठेवलेली प्रत सापडते. पबमेड सेंट्रल आणि सायआर्काइव्ह येथे पुष्कळ निबंध मोफत आहेत, 'इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री' सर्वांसाठी खुले आहे आणि भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. अनुदानित महाविद्यालयांना एन-लिस्टची, म्हणजे महाविद्यालयांसाठीच्या ई-नियतकालिकांच्या व ई-पुस्तकांच्या संचाची, सोय घेता येते. ग्रंथपालांकडे विचारा, अनेकदा सोय असते आणि कोणी मागत नाही. इतके करूनही न मिळाल्यास लेखकांना दोन ओळींचे पत्र पाठवावे. मला बहुतेकांनी आनंदाने प्रत पाठवली आहे.

भारतीय नमुन्यावरचा किमान एक निबंध दहांमध्ये ठेवा, असेही सुचवते. हेन्रिक, हाइन आणि नोरेंझायन यांनी २०१० साली आर्नेट यांच्या विश्लेषणाचा हवाला देऊन म्हटले होते की मानसशास्त्रातील अग्रगण्य नियतकालिकांच्या नमुन्यांपैकी ९६ टक्के हे पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होते, आणि त्या देशांत जगाची केवळ १२ टक्के लोकसंख्या राहते. म्हणून सारांशात "माणसे असे वागतात" असे न लिहिता, "अमेरिकेतील एका विद्यापीठातील १२० विद्यार्थ्यांमध्ये असे आढळले" असे लिहावे. वाशीच्या गाडीत उभ्याने वाचणाऱ्या मुलीला ते लागू पडेल की नाही, हा वेगळा आणि चांगला प्रश्न आहे.

आकडेमोड

एक विषयांतर. केवळ तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला "नियंत्रित गट" म्हणावे की "नियंत्रण गट"? मी दोन्ही पाहिले आहेत.

नौपाड्यातला_मास्तर

वर्गात "नियंत्रित गट" रुळला आहे. प्रयोगाआधी मांडलेल्या अंदाजासाठीच्या "अभ्युपगम" आणि "गृहीतक" या शब्दांचीही तीच कथा. विद्यार्थ्याने कोणताही एक शब्द निवडावा आणि शेवटपर्यंत तोच वापरावा. एका परिच्छेदात "गृहीतक" आणि पुढच्यात "अभ्युपगम" आले, की वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. शैलीसाठी प्रतिशब्द बदलत राहण्याची जी सवय आपल्याला शाळेतील निबंधाने लावली, ती इथे मोडावी लागते.

ठाणे_वाशी

सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस सांगितल्याप्रमाणे केले. ठाणे ते ऐरोली पद्धती वाचली, मग फाइल बंद करून घणसोली ते तुर्भे आठवेल तेवढे वहीत लिहिले. पहिल्या दिवशी पाच ओळी आल्या आणि त्यातही सहभागींची संख्या चुकली. तिसऱ्या दिवशी दोन पाने झाली. एका निबंधाला एकूण सहा तास लागले, आधीच्या चार दिवसांपेक्षा कमीच. दुसऱ्या प्रयोगाचा परिच्छेद खाली देत आहे, कृपया तपासावा.

"दुसऱ्या प्रयोगात १८० विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाने उतारा चार सत्रांत वाचला, दुसऱ्याने तीन सत्रांत वाचून एकदा चाचणी दिली, आणि तिसऱ्याने एकदाच वाचून तीनदा चाचणी दिली. वाचनाचे प्रत्येक सत्र पाच मिनिटांचे होते. पहिल्या गटाचे विद्यार्थी उतारा सरासरी चौदा वेळा वाचू शकले, तिसऱ्या गटाचे साडेतीन वेळाही नाही. पाच मिनिटांनी अंतिम परीक्षा घेतली तेव्हा तीन गटांना अनुक्रमे ८३, ७८ आणि ७१ टक्के आठवले. एका आठवड्याने मात्र ४०, ५६ आणि ६१ टक्के आठवले. आपल्याला हे पुढे किती आठवेल, असे विचारले असता सर्वाधिक विश्वास चार वेळा वाचणाऱ्या गटाने दाखवला होता."

नौपाड्यातला_मास्तर

शाब्बास. शेवटचे वाक्य तू स्वतःहून ठेवलेस, याचा विशेष आनंद झाला. एकच दुरुस्ती. "चार वेळा वाचणाऱ्या" असे लिहू नकोस, कारण तूच वर म्हटले आहेस की ते चौदा वेळा वाचू शकले. "चारही सत्रे वाचनात घालवणाऱ्या" असे लिही.

आकडेमोड

परिच्छेद उत्तम आहे. माझाही एकच प्रश्न: ८३ टक्के कशाचे? शब्दांचे, वाक्यांचे की गुणांचे?

ठाणे_वाशी

कल्पनांचे. प्रत्येक उतारा तीस कल्पना-घटकांत विभागला होता आणि विद्यार्थ्याने त्यांपैकी किती लिहिले, ते मोजले होते. हे मी वहीत लिहिले होते, पण सारांशात घ्यायचे राहिले. दोन्ही दुरुस्त्या करून उद्या बाईंना देते.